नवी मातीची चूल: वाळवण, पहिला जाळ आणि पुढची निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शेतघरं, कृषिपर्यटन केंद्रं, चुलीवरच्या जेवणाची हॉटेलं यांच्यामुळे मातीच्या चुली पुन्हा घातल्या जाऊ लागल्या आहेत. मात्र घालणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात दोन पिढ्या गॅसच आहे. त्यामुळे आजीला न विचारताही कळायच्या गोष्टी आता विचाराव्या लागतात. खालचे प्रश्न मुख्यतः मातीच्या एकतोंडी आणि वैलाच्या (म्हणजे बाजूला जोडलेलं, स्वतःचा जाळ नसलेलं दुसरं तोंड असलेल्या) चुलीबद्दल आहेत. धुराड्याच्या आणि लोखंडी चुलीचं शेवटी आलं आहे.

चूल वरून कोरडी दिसते. आजच पेटवली तर काय बिघडेल?

चुलीची भिंत साधारण तीन इंच जाड असते. वरचा थर दोन दिवसांत पांढुरका पडतो, पण पोटातली माती ओलीच असते. जाळ लागला की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि ती आतल्या बाजूचा ढलपा उडवते. दुसरं असं की माती सुकताना आकसते. जाळाकडची बाजू झपाट्याने आकसली आणि बाहेरची ओली राहिली, तर मधल्या ताणाने भिंत चिरते. ही चीर बहुतेक वेळा तोंडाच्या दोन कोपऱ्यांत किंवा वैल जिथे चुलीला जोडलेला असतो तिथे पडते, कारण तिथे मातीची जाडी एकदम बदलते.

चुलीला माती कोणती घ्यावी?

काळी माती नको, एवढं आधी लक्षात ठेवा. कापसाची काळी जमीन उन्हाळ्यात जशी भेगाळते, तशीच तिची चूलही भेगाळते. वारुळाची माती उत्तम. गावठाणातल्या जुन्या भिंतींची पांढरी माती चालते. कोकणात लाल चिकणमाती वापरतात. साप किंवा मुंग्यांचा वावर असलेलं वारूळ मात्र उकरू नका.

मातीच्या चार भागांना एक भाग गव्हाचा भुसा किंवा भाताचं तूस आणि अर्धा भाग ताजं शेण घ्या. माती फार चिकट असेल तर एक भाग बारीक वाळूही घाला. भुसा आणि तूस केवळ माती धरून ठेवत नाहीत. जाळाने ते जळून जातात आणि भिंतीत बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून वाफ सुटते, शिवाय भिंत कमी उष्णता शोषते. मिश्रण भिजवून तीन-चार दिवस मुरू द्या आणि रोज एकदा पायाने तुडवा. एकतोंडी चुलीला साधारण तीन घमेली माती लागते, वैल करायचा तर आणखी दीड.

प्रमाण बरोबर आहे का हे चूल घालण्याआधीच कळतं. मिश्रणाची भाकरीएवढी, बोटभर जाड थापी करून सावलीत वाळवा. मधून चिरली तर वाळू किंवा भुसा वाढवा. हाताने चुरली जात असेल तर चिकणमाती वाढवा.

मापं काय ठेवावीत?

घरगुती चुलीला आतली रुंदी ८ ते ९ इंच, उंची ८ ते ९ इंच, तोंड ६ ते ७ इंच आणि भिंत ३ इंच. भांडं टेकवायचे तीन उंचवटे भिंतीपेक्षा अर्ध्या इंचाएवढे वर हवेत. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते या उंचवट्यांत. ते ठेवले नाहीत तर भांडं भिंतीवर घट्ट बसतं, वरून हवा सुटत नाही आणि जाळ तोंडातून माणसाच्या अंगावर येतो. फार उंच ठेवले तर जाळ भांड्याला न लागता बाजूने निघून जातो.

वाळवायची किती दिवस?

उन्हाळ्यात आठ-दहा दिवस सावलीत आणि मग तीन-चार दिवस उन्हात. हिवाळ्यात यात आठवडा वाढवा. पावसाळ्यात चूल घालूच नये. नाइलाजच असेल तर महिनाभर धीर धरा. पहिले दोन दिवस वरून ओलसर पोतं टाका, म्हणजे वरचा थर आधी सुकून आकसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती घट्ट झाली, पण अंगठा दाबला तर अजून खळगा पडतो, अशा वेळी ओल्या हाताने भिंत चोपून घ्या. या चोपण्याने निम्म्या भेगा पडायच्या आधीच थांबतात.

पूर्ण वाळली हे ओळखायचं कसं?

रंग सगळीकडे सारखा फिका झालेला असावा. आतल्या बाजूने, तळाजवळ, जिथे ऊन पोचत नाही तिथे नखाने खरवडा. पूड पडली तर वाळली, नखाला माती चिकटली तर नाही. याहून खात्रीची खूण म्हणजे रात्री भिंतीच्या सगळ्यात जाड भागावर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी घट्ट चिकटवून ठेवायचा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून चार दिवस थांबा.

पहिला जाळ कसा द्यायचा?

पाच दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी जाळ करायचाच नाही. गोवरीचे (कोकणात शेणीचे) दोन-तीन तुकडे बाहेर पेटवून त्यांचे निखारे झाले की चुलीच्या मध्यभागी ठेवा, भिंतीला टेकवून नको. तासभर ठेवा, विझत आले तर आणखी एक तुकडा. चुलीवर भांडं ठेवू नका, वाफेला वर जाऊ द्या. या वेळी भिंतीला बाहेरून हात लावून बघा. कोमट आणि किंचित दमट लागेल. एखाद्या ठिकाणी गडद डाग उमटलेला दिसेल. चुलीला घाम आला म्हणतात तो हाच. राहिलेलं पाणी बाहेर येत असतं. डाग आपोआप सुकेपर्यंत उष्णता वाढवायची नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, पण दोन तास. तिसऱ्या दिवशी करंगळीएवढ्या काटक्यांचा बारीक जाळ, अर्धा तास. ज्योत भिंतीच्या निम्म्यापर्यंतच जावी. चौथ्या दिवशी तासभर जाळ आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं. रिकामं भांडं ठेवू नका. पाचव्या दिवशी अंगठ्याएवढी लाकडं, आणि चहा किंवा दूध. मनगटाएवढं लाकूड सहाव्या दिवसापासून.

रोज चूल आपोआप थंड होऊ द्या. पाणी मारून विझवणं नव्या चुलीला फार महागात पडतं. ज्योत रोज लागते तेवढा आतला भाग काही आठवड्यांत विटेसारखा तांबूस आणि टणक होतो. बाहेरची माती कच्चीच राहते, ती कधीच भाजली जात नाही. म्हणून चूल जुनी झाली तरी तिला पावसापासून जपावंच लागतं.

भेगा पडल्याच. चूल मोडून पुन्हा घालावी का?

बहुतेक वेळा नाही. केसाएवढ्या भेगा चांगल्या चुलीलाही पडतात. त्या शेण-मातीच्या पातळ काल्याने सारवल्या की बुजतात. भेगेत नख शिरत असेल तर ती खिळ्याने थोडी रुंद करा, आतली पूड झटका, पाणी शिंपडा आणि त्याच मातीचा भुसा जास्त असलेला घट्ट गोळा दाबून भरा. कोरड्या भेगेत ओली माती भरली तर ती धरत नाही, दुसऱ्या दिवशी वडीसारखी सुटून हातात येते. डागडुजीनंतर दोन दिवस वाळवा आणि पुन्हा निखाऱ्यांपासून सुरुवात करा.

भेग आरपार असेल आणि तिच्या दोन्ही बाजू हलत असतील तर मात्र ती भिंत काढून नवी घाला. उकळत्या पातेल्याचा भार तिच्यावर येणार आहे.

सिमेंटने भेग भरू नका. सिमेंट आणि माती तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, आणि थेट जाळात सिमेंटची ताकद जाऊन ते भुसभुशीत होतं. सहा महिन्यांत भेग पहिल्यापेक्षा मोठी दिसते.

रोज पेटवण्याची रीत काय?

पेटवण्याआधी चुलीत वाकून बघा. थंडीच्या दिवसांत मांजर उबेला राखेत झोपलेलं असतं.

जुनी राख काढा, पण बोटभर थर राहू द्या. तो निखाऱ्यांना धरून ठेवतो आणि तळ जपतो. यापेक्षा जास्त राख साचली की लाकूड वर येतं, खालून हवा शिरत नाही आणि चूल नुसती धुमसते. नेहमीच्या तक्रारींमध्ये निम्म्या तरी राखेच्या असतात.

आता मनगटाएवढी दोन लाकडं मध्ये चार बोटं अंतर ठेवून समांतर ठेवा. त्या फटीत नारळाची शेंडी, वाळलेला पाचोळा किंवा ज्वारीचं चिपाड घाला, वर तुराट्या (तुरीची वाळकी खोडं) किंवा पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळक्या खोडांचे) वीतभर तुकडे आडवे रचा. काडी तोंडाच्या बाजूने, खालून लावा. ज्योत वर चढते, म्हणून वरून लावलेली काडी खालच्या पाचोळ्यापर्यंत पोचतच नाही. काटक्या तडतडायला लागल्या की अंगठ्याएवढी दोन लाकडं वर ठेवा. फुंकणी आता हातात घ्या, आधी नाही. ज्योतीवर फुंकलं तर ती विझते, लाल झालेल्या टोकावर फुंकलं तर ती वाढते. श्वास तोंड बाजूला वळवून घ्या, नाहीतर फुंकणीतून धूर थेट छातीत जातो.

जाळ धरला की चुलीत एका वेळी तीनच लाकडं असावीत, टोकं आत आणि मध्ये जागा. टोक जळत जाईल तसं लाकूड पुढे सारायचं. चूल ठासून भरली की जाळ मोठा होत नाही, धूर मोठा होतो.

लोखंडी जाळीचा तुकडा किंवा दोन सळया वीटेच्या तुकड्यांवर टेकवून तळापासून दीड इंच उचलल्या आणि लाकडं त्यावर ठेवली, तर खालून हवा मिळते आणि फुंकायचं काम निम्म्यावर येतं. नव्या चुलीत मात्र हे पहिले पंधरा दिवस टाळा, कारण जाळ फारच जोमाने लागतो.

रॉकेल किंवा पेट्रोल टाकून पेटवली तर?

नको. अर्धवट विझलेल्या चुलीवर रॉकेल ओतलं की त्याची वाफ होऊन भडका उडतो, तोही तोंडावर. मातीत मुरलेल्या रॉकेलचा वास पुढचे कित्येक दिवस भाकरीला येतो, ते वेगळंच. प्लॅस्टिकच्या पिशवीनेही पेटवू नका. कापराची एक वडी पुरते.

चूल फार धुरकटते. दोष चुलीचा की लाकडाचा?

आधी लाकूड बघा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. चांगल्या वाळलेल्या जळणात ते पंधरा-वीस टक्क्यांवर आलेलं असतं. ओलं लाकूड पेटलं की दुसऱ्या टोकाला फेस येतो आणि सूं सूं आवाज होतो. म्हणजे तुमचा जाळ स्वयंपाक करायचं सोडून लाकडातलं पाणी उकळतोय. वाळलेल्या लाकडाची साल सैल सुटते, टोकाला चिरा दिसतात आणि दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात. ओली थपथप वाजतात.

लाकूड कोरडं असूनही धूर येत असेल तर क्रमाने बघा: राख साचली आहे का, लाकडं ठासली आहेत का, भांड्याखालचे उंचवटे झिजले आहेत का, भांडं फार मोठं आहे का. पांढरा दाट धूर म्हणजे लाकडातून निघालेला, पण न जळलेला वायू. मध्ये एक काडी पेटवून धरली की भप्पकन ज्योत लागते आणि धूर नाहीसा होतो. हवा किंवा आच कमी पडत होती, एवढाच त्याचा अर्थ.

वारा थेट तोंडावर येत असेल तर ठिणग्या उडतात, चुलीच्या पाठीमागून येत असेल तर धूर डोळ्यांत येतो. तोंडाची दिशा ठरवताना वास्तू बघणारे वास्तू बघोत, पण दार आणि खिडकी आधी बघा.

कोणतं लाकूड चांगलं?

बाभूळ. आच दमदार आणि निखारे टिकाऊ. काटे मात्र सांभाळा. सुबाभूळही चांगली. आंब्याचं लाकूड पेटतं लवकर, पण संपतंही लवकर. निलगिरीत तेल असल्यामुळे ती भडकते, नव्या चुलीला ती देऊ नका. तुराट्या, पऱ्हाट्या आणि मक्याची बुरकुंडं पेटवायला आणि भाकरीच्या झटपट आचेला झकास, पण डाळ त्यांवर शिजवायला बसलात तर सारखं सारत राहावं लागेल. करवंट्यांची आच फार कडक असते, एका वेळी दोनच घाला.

कण्हेर कधीही जाळू नका. तिच्या धुरातही विष असतं. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, लॅमिनेट लावलेल्या फळ्या हेही नको. फर्निचरवाल्याकडून फुकट मिळतात म्हणून लोक आणतात, आणि त्यावर पोरांसाठी दूध तापवतात.

वैल तापतच नाही. काय करावं?

वैलाला स्वतःचा जाळ नसतो, मुख्य चुलीतली गरम हवा बोगद्यातून तिकडे जाते. बोगदा सात-आठ सेंटिमीटर रुंद आणि वैलाकडे चढता हवा. तो राखेने भरला आहे का ते आधी काडी घालून बघा. मग मुख्य चुलीवर भांडं ठेवून बघा. तिथे भांडंच नसेल किंवा लहान असेल तर सगळी आच वरून निघून जाते. वैलावर तडतडून फोडणी होणार नाही. तिथे डाळ रटरटते, दूध आटतं, आंघोळीचं पाणी तापतं.

पहिल्याच दिवशी भाकरी का जमत नाही?

भाकरीला दोन वेगळ्या आचा लागतात. तव्यावर सारखा पसरलेला जाळ आणि तोंडाशी लाल निखारे. नवी चूल स्वतःच उष्णता पीत असते, त्यामुळे तवा मध्येच तापतो, कडेला थंड राहतो. पंधरा दिवसांनी भिंती तापून राहू लागल्या की फरक कळतो. भाकरी टाकण्याआधी तवा वीस मिनिटं तापू द्या, निखारे चिमट्याने तोंडाशी ओढून घ्या आणि दुसरी बाजू शेकल्यावर भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी धरा. तिथे ती फुगते. धूर असताना भाकरी निखाऱ्याशी नेऊ नका, कडवट लागते. खापरावरचे खानदेशी मांडे करायचे असतील तर चूल किमान महिनाभर वापरलेली असू द्या. खापर पालथं असतं, त्याला सगळीकडून सारखा जाळ लागतो.

भांडी काळी होतात.

होणारच. चढवण्याआधी बुडाला बाहेरून राखेचा ओला लेप द्या, काजळी लेपावर बसते आणि लेपासकट निघते.

सारवायचं कधी?

चूल पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी पेटवण्याआधी किंवा रात्रीच्या स्वयंपाकानंतर तीन-चार तासांनी. शेण आणि माती समसमान, ताकाएवढं पातळ. पोतेरं पिळून फिरवा, पाणी ओघळता कामा नये. रोज वापर असेल तर आठवड्यातून दोनदा पुरे. आतल्या तांबूस भाजलेल्या भागाला फार थर देऊ नका, ते पापुद्रे होऊन भाजीत पडतात. ज्या घरांत श्रावणातली शिळासप्तमी पाळतात तिथे त्या दिवशी चूल सारवून पुजतात आणि पेटवत नाहीत. वर्षाची मोठी डागडुजी करून घ्यायला हा मुहूर्त सोयीचा आहे.

दूध उतू घालणं गरजेचं आहे का?

चुलीच्या दृष्टीने नाही, घराच्या दृष्टीने तुम्ही ठरवा. घालणार असाल तर पाचव्या दिवशी घाला, आणि वाटीभरच. दूध तापलेल्या नव्या भिंतीवर भसकन सांडलं तर तिथेच चीर पडू शकते.

जळण कधी आणि कसं साठवावं?

पावसाळ्याच्या आधी, आगोटीच्या खरेदीबरोबर. मार्चमध्ये फोडलेलं लाकूड जूनपर्यंत वाळतं. ओंडका ओंडकाच ठेवला तर साल आतलं पाणी धरून ठेवते, म्हणून फोडूनच ठेवा. विटांवर आडव्या बल्ल्या टाकून जमिनीपासून वीतभर उंच रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेलं सरपण आतून बुरशी धरतं. रचलेल्या लाकडांत विंचू आणि साप बसतात. अंधारात हात घालू नका, काठीने आधी हलवा.

धुराड्याच्या चुलीचं वेगळं काय?

निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात देशभर राबवला गेला. पुण्याच्या 'आरती' संस्थेची दोन भांड्यांची 'लक्ष्मी' चूल महाराष्ट्रात अनेकांनी पाहिली असेल. अशा चुलीत दोन्ही भोकांवर भांडी नीट बसलेली हवीत. एक उघडं राहिलं की धुराडं धूर ओढायच्या ऐवजी तिथली हवा ओढतं. सकाळी धुराडं थंड असतं, त्यातली हवा जड असते आणि पहिला धूर उलटा घरात येतो. म्हणून जाळ करण्याआधी मागच्या भोकात वर्तमानपत्राचा एक चोळामोळा पेटवून टाका. धुराडं गरम झालं की ओढ सुरू होते. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून काजळी काढा. पत्र्याचा पाइप गवती किंवा लाकडी छपराला कुठेही टेकता कामा नये.

लोखंडी चुलीलाही पाच दिवस लागतात का?

नाही. पहिला जाळ उघड्यावर तासभर द्या, रंग आणि तेल जळून वास जाईपर्यंत. तोवर त्यावर काही शिजवू नका. आतून मातीचा लेप देणार असाल तर तो लेप मात्र वाळवूनच तापवा.

तीन दगडांची तात्पुरती चूल चालेल?

चालेल, पण नदीतले गोटे घेऊ नका. त्यांत मुरलेलं पाणी तापून दगड फटकन फुटतो आणि तुकडे उडतात. माळावरचा कोरडा दगड घ्या.

भाजलं तर?

वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, राख काही लावू नका. स्वयंपाक करताना सिंथेटिक साडी किंवा ओढणी असेल तर पदर खोचून घ्या. गॅसचा सिलिंडर चुलीच्या खोलीत ठेवू नका.

विझवायची कशी? राखेचं काय करायचं?

जळती लाकडं बाहेर काढून टोकं वाळूत किंवा राखेत खुपसा. निखारे राखेखाली दाबून ठेवले तर सकाळपर्यंत विस्तव टिकतो, फुंकर मारली की पुन्हा लाल. पूर्वी काडेपेटी वाचवायची ती अशीच. पण बंद खोलीत निखारे ठेवून तिथे झोपू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. राख वरून गार लागली तरी आत फुफाटा असू शकतो. ती पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवूनच खतात किंवा भांडी घासायला घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत ओतली तर बादलीचं बूड जातं, आणि बादली सरपणाच्या शेजारी असेल तर सरपणही.